घोषवाक्यातला वर्तमानकाळ

ब्लॉकचेन प्रकल्पात मजकूर लिहायचं काम मिळालं की महिन्याभरात कुणीतरी म्हणतंच, "नेटवर्कसाठी एक छानसं घोषवाक्य सुचवा ना." व्हॅलिडेटर म्हणजे व्यवहार तपासून नव्या ब्लॉकला (व्यवहारांच्या गठ्ठ्याला) मत देणारा संगणक, आणि ब्रिज म्हणजे एका ब्लॉकचेनवरची रक्कम दुसरीवर नेणारी सोय, एवढं ठाऊक असलं की पुरे. घोषवाक्य छोटं असावं, तोंडात बसावं, हेही तुम्ही शंभरदा वाचलं असेल. ते खरंच आहे, पण मी अडकले ती जागा वेगळी होती. मी अडकले क्रियापदाच्या काळात.

आमच्या नेटवर्कसाठी मी लिहिलेली ओळ अशी होती: "कुणा एकाच्या हातात नाही, म्हणून सगळ्यांचं आहे." तीन आठवडे घासूनपुसून ती एवढी झाली होती आणि माझा तिच्यावर फार जीव होता. टीमलाही ती पहिल्या वाचनात आवडली. आठवड्याभरात ती संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर गेली.

तेव्हा नेटवर्कवर २१ व्हॅलिडेटर होते, प्रत्येकाच्या मताचं वजन सारखं, आणि त्यातले १२ आमच्याच टीमचे. हे मला माहीत होतं. "सुरुवातीला असंच असतं, पुढे कमी करू," असं सगळे म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. आमच्या पद्धतीत ब्लॉक पक्का व्हायला दोन तृतीयांशाहून जास्त मतं लागत, म्हणजे २१ पैकी १५. सात जण गप्प बसले की नेटवर्क जागच्या जागी थांबणार. आमच्या हातात बारा होते. शिवाय ब्रिजचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा त्याचा कोड, बदलायला पाचपैकी तीन किल्ल्या (गुप्त डिजिटल संकेत) पुरत, आणि पाचही किल्ल्या टीममधल्याच माणसांकडे. हे गणित मांडायला दोन मिनिटं पुरली असती. मी ते मांडलं नाही, कारण ते इंजिनिअरांचं काम आहे असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका रात्री ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चूक सापडली. कुणी तिचा फायदा घ्यायच्या आत टीमने आपले व्हॅलिडेटर बंद केले. नऊ तास एकही ब्लॉक बनला नाही आणि कुणाचा एक पैसाही गेला नाही. निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. पण सकाळी स्टेटसच्या पानावर सूचना होती, "नेटवर्क तात्पुरतं थांबवलं आहे," आणि त्याच पानाच्या माथ्यावर माझी ओळ. दोन्ही ओळी एकाच स्क्रीनशॉटमध्ये दिवसभर फिरत राहिल्या. पहिल्या दिवसापासून आमच्यासोबत असलेल्या, स्वतःच्या खर्चाने व्हॅलिडेटर चालवणाऱ्या एकाने लिहिलं, "थांबवलंत याचा राग नाही. थांबवता येतं हे सांगितलं नाहीत, याचा आहे."

त्या दिवशी खोटं कुणीच बोललं नव्हतं. मग ओळ खोटी कशी ठरली? याचा मी नंतर खूप विचार केला. श्वेतपत्रिकेत, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात, लिहिलेलं असतं, "नेटवर्क टप्प्याटप्प्याने विकेंद्रित होत जाईल," म्हणजे ताबा कुणा एकाकडे राहणार नाही. रोडमॅपमध्ये त्याचं होतं "पूर्ण विकेंद्रीकरणाकडे." घोषवाक्यासाठी ते आणखी कापलं जातं आणि उरतं "विकेंद्रित." प्रत्येक वेळी आपण फक्त शब्द कमी करतो, पण कमी होताना सगळ्यात आधी गळतं ते "होईल." शेवटी हातात राहतं ते "आहे." आणि "आहे" म्हटलं की ते आज, आत्ता, पहाटे तीन वाजतासुद्धा खरं असावं लागतं. क्रियापद गाळलंत तरी सुटका नाही, कारण वाचणारा आपल्या मनात "आहे"च जोडतो. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनच्या संकेतस्थळावर सुरुवातीच्या काळात लिहिलेलं असायचं की इथले ॲप्लिकेशन लिहिल्याबरहुकूम चालतात; बंद पडणं, सेन्सॉरशिप, फसवणूक, तिऱ्हाइताचा हस्तक्षेप यांची काही शक्यताच नाही. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधल्या पळवाटेतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) काढले गेले. २० जुलैला १९,२०,००० व्या ब्लॉकवर हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळी वेगळ्या वाटेने नेऊन, ते परत फिरवले. ज्यांना ते मान्य नव्हतं ते जुन्या साखळीवरच राहिले, तीच आजची इथेरियम क्लासिक, आणि "कोड हाच कायदा" हे त्यांचं ब्रीद झालं. पैसे परत करणं योग्य होतं की नाही यावर आजही दोन मतं आहेत. पण संकेतस्थळावर "शक्यताच नाही" लिहिलेलं होतं, त्यामुळे फोर्कच्या विरोधकांना आपला मुद्दा मांडायला वेगळं काही शोधावं लागलं नाही.

मग लिहायचं काय? मला उत्तर बिटकॉइनवाल्यांच्या दोन जुन्या म्हणींत सापडलं. "विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा." "किल्ल्या तुमच्या नाहीत, तर नाणीही तुमची नाहीत." पहिली आज्ञार्थी आहे, दुसरी सावधगिरीचा इशारा. दोन्हींत नेटवर्क स्वतःबद्दल काहीच दावा करत नाही. वाचणाऱ्याला काय करायचं ते सांगतं. स्वतःचा नोड (सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) चालवा, किल्ल्या स्वतःजवळ ठेवा. नेटवर्क रात्री थांबलं तरी अशा ओळीला कुणी खोटं पाडू शकत नाही, उलट त्या रात्री ती जास्तच उपयोगी पडते. म्हणून आता मी पहिला मसुदा आज्ञार्थातच लिहिते. जमलं नाही तरच विधानाकडे वळते.

विधान करायचंच असेल तर रात्री ज्याचा फोन वाजतो त्या इंजिनिअरसमोर बसा आणि एकच विचारा: "हे वाक्य खोटं पाडायचं झालं तर काय करावं लागेल, आणि ते कोण करू शकतं?" उत्तरात टीममधल्या कुणाचं नाव आलं की ती ओळ बाजूला ठेवा. अवघड वाटेल, विशेषतः तुम्ही नवे असाल आणि समोरचा दहा वर्षं कोड लिहीत असेल तर. तरी विचारा. असा प्रश्न लेखकाकडून आला की इंजिनिअरांना मनापासून आनंद होतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

वेगाचे आकडे घोषवाक्यात घालू नका. सेकंदाला अमुक हजार व्यवहार, हा आकडा बहुतेकदा चाचणीतला असतो, आणि मोजायच्या पद्धतीही वेगळ्या असतात. सोलाना या नेटवर्कवर व्हॅलिडेटरांची मतंसुद्धा व्यवहार म्हणून साखळीवर नोंदली जात आली आहेत. ती धरली की एक आकडा येतो, वगळली की दुसरा. सप्टेंबर २०२१ मध्ये तेच नेटवर्क सुमारे १७ तास बंद होतं, आणि वेगाची ओळख असलेल्या नेटवर्कला असं थांबणं जास्त लागतं.

दुसऱ्याच्या उपमेवर उभं राहणंही टाळा. लाइटकॉइनला "बिटकॉइन सोनं, तर ही चांदी" ही ओळख २०११ पासून चिकटलेली आहे. लक्षात राहते, पण दरवेळी आधी बिटकॉइनचंच नाव घ्यावं लागतं. "ब्लॉकचेनचं इंटरनेट" हे कॉसमॉस या प्रकल्पाचं वर्णन होतं. २०२१ मध्ये मॅटिकचं पॉलिगॉन झालं तेव्हा त्यांनी जवळजवळ तेच शब्द इथेरियमचं नाव जोडून घेतले. दोन्ही प्रकल्प गंभीर होते, पण नवख्या वाचकाला त्या ओळीवरून फरक कळणं कठीण.

भाषांतराचं थोडक्यात सांगते. 'ट्रस्टलेस'चं मराठी कुणीतरी "अविश्वासू" केलेलं मी छापायला जाताना अडवलंय. "कुणावर विसंबावं लागत नाही" असं लिहा. लांब होतं, पण अर्थ उलटा होत नाही. आणि "खात्रीशीर", "जोखीममुक्त" हे शब्द कायद्याच्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय वापरूच नका. ब्रिटनमध्ये ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या जाहिराती वित्तीय जाहिरातींच्या नियमांखाली आल्या आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या ओळीचं तिथे नुसत्या टीकेवर भागत नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडक आहे. रिकाम्या जागा भरायचे साचे विकणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या एका वरिष्ठांनी शिकवलं होतं, "आधी शब्द पोहोचू दे, अर्थ मागून येतो." मी ते खरं मानलं आणि त्याची किंमत वर सांगितलीच आहे. मला खरं शिकवलं ते आमच्या सपोर्टच्या ताईंनी. लोक नेटवर्कला कोणत्या शब्दांत रागावतात आणि कोणत्या शब्दांत धन्यवाद देतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. घोषवाक्य टोकनधारकांच्या (नेटवर्कचं चलन बाळगणाऱ्यांच्या) मतदानाने ठरवण्याच्याही मी विरोधात आहे. सगळ्यांना चालणारी ओळ निवडून येते आणि ती कुणाचीच नसते.

तुमची पहिली ओळ फसली तर घाबरू नका. माझी फसली, तरी माझं काम सुटलं नाही. मीच नवी ओळ लिहिली: "आधी तपासा." तिच्याखाली एक दुवा आहे. त्या पानावर कोणता व्हॅलिडेटर कुणाचा, ब्रिजच्या किल्ल्या कुणाकडे, हे सगळं उघड आहे. त्या पानासाठी टीमशी भांडावं लागलं, ओळीसाठी नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते उघडते. आमचे व्हॅलिडेटर बारावरून आठवर आलेत. पाचपैकी तीन किल्ल्या आता बाहेरच्या लोकांकडे आहेत. व्हॅलिडेटर सहावर आले की टीमला एकटीने नेटवर्क थांबवता येणार नाही, आणि त्या दिवशी जुनी ओळ पुन्हा बैठकीत मांडायची असं मी ठरवलंय. तोवर ती माझ्या वहीत आहे, शेवटचं "आहे" खोडून.