मॅडम, तुम्ही बी उचल घेतली की!

अ‍ॅक्युपंक्चरचा कोर्स झाला, राज्याच्या 2015 च्या अ‍ॅक्युपंक्चर कायद्यानुसार नोंदणी झाली, बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये खोली घेऊन दोन टेबलं टाकली. फी किती ठेवायची? शेजारच्या दवाखान्यात दीडशे घेत होते, म्हणून मीही दीडशे. पण तिथला पेशंट पाच मिनिटांत बाहेर पडतो. माझा पाऊण तास सुया घेऊन झोपून असतो आणि तेवढा वेळ ते टेबल अडकलेलं.

हिशेब उलटा करा. माझं भाडं 5,000, मदतीच्या ताईंचा पगार 5,000, वीज-पाणी आणि दवाखान्याचा जैव कचरा (वापरलेल्या सुया, कापूस) नेण्याचे मिळून 2,000. घरखर्चाला 18,000. झाले 30,000. महिन्याचे 24 दिवस, रोज पाच पेशंट धरा. (दहा पेशंट फक्त शिबिरं घेणाऱ्या गुरूंच्या भाषणात येतात. ‘सेवा करा, पैसा आपोआप येतो’ म्हणणाऱ्यांची स्वतःची फी आधी विचारा.) म्हणजे 120 सिटिंग, एका सिटिंगला 250. वर डिस्पोजेबल सुया, कापूस, स्पिरिट यांचे 40. माझी फी 300 च्या खाली परवडतच नव्हती. सुई वाचवायचा विचार मनातही आणू नका. एकदा टोचली की ती थेट सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात.

पण मला बुडवलं ते पॅकेजनं. पोळ्यानंतर ‘दहा सिटिंग 1,200’ अशी कार्डं काढली. आमच्या भागात तेव्हा मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, हातात आलेली असते, कंबर-गुडघे तर बाराही महिने धरलेले. चाळीस कार्डं गेली, 48,000 जमले. मला वाटलं, धंदा बसला! इन्व्हर्टर घेतला, सुयांना करंट द्यायचं मशीन घेतलं, खोलीचं राहिलेलं डिपॉझिट भरलं.

दसरा झाला आणि दोन-तीन सिटिंग घेऊन माणसं ऊसतोडीला गेली, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. गुढीपाडव्याच्या सुमारास परतली तेव्हा सव्वीस कार्डांवर मिळून 190 सिटिंग बाकी होती. त्यांच्या नुसत्या सुया-सामानालाच 7,600 लागणार, गल्ला रिकामा. दिवसभर टेबलं भरलेली, ताई बाहेर नव्या पेशंटला ‘उद्या या’ म्हणतायत आणि संध्याकाळी हातात काही नाही. सुया उधारीवर आणल्या.

रडकुंडीला येऊन हे मी एका काकांना सुया लावता लावता बोलून गेले. ते पालथे पडल्या पडल्या हसले. “मॅडम, तुम्ही बी आमच्यावानी उचल घेतली की. आता फेडा.”

अगदी तेच झालं होतं. आगाऊ आलेला पैसा कमाई नसते. सिटिंग होईपर्यंत ते पेशंटचं देणं असतं.

आता पाचच सिटिंगचे आगाऊ घेते, सवलत नाही. ते वेगळ्या खात्यात राहतात, सिटिंग झाली की 300 काढायचे. कुणी सोडून गेलं तर उरलेले परत. पेरणीच्या दिवसांत कुणी फिरकत नाही, त्यामुळे मेअखेर दोन महिन्यांचं भाडं बाजूला असलंच पाहिजे.

फी वाढवताना हात थरथरतो, माझाही थरथरला. दीडशेची तीनशे केली तेव्हा काही जण गेले, बरेचसे राहिले. ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी दोन जागा कमी पैशांत ठेवते. मात्र दोनच.

आणि जुनी कार्डं? शेवटचं मी दीड वर्षानं फेडलं.