जात विचारण्याआधी रोपाची मुळं बघा

महाबळेश्वरची रोपं आणून दापोली-गुहागरकडे हौसेने स्ट्रॉबेरी लावणारे हमखास विचारतात, सूत्रकृमीला, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमीला, दाद न देणारी जात कुठली? प्रश्न अर्धा आहे. कुठला सूत्रकृमी, ते आधी ठरवायला हवं. आपल्या उष्ण, रेताड आगरात वांगी-भेंडीच्या मुळांवर गाठी आणतो तो बहुधा मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा. स्ट्रॉबेरीवर त्याचं सहसा फारसं फावत नाही. तिचा खरा वैरी मेलॉइडोगायनी हॅप्ला, आणि तो थंड हवेतला. म्हणजे तो आलाच तर बहुतेक रोपांच्या मातीतून येणार.

तेव्हा रोपं घेताना दोन-चार रोपांची मुळं बादलीत हलक्या हाताने धुवून बघा. हॅप्लाच्या गाठी बारीक, मण्यांएवढ्या असतात आणि त्यांतून केसासारखी तंतुमुळं फुटलेली दिसतात. अशी रोपं स्वस्त मिळाली तरी नकोत. खतखड्ड्यातही टाकू नका, जाळा.

टोमॅटोचं गणित उलटं. त्यातला ‘एमआय’ जनुक इन्कॉग्निटाला रोखतो, पण माती 28 अंशांच्या वर तापली की ढिला पडतो, आणि हॅप्लावर तर चालतच नाही. बियाण्याच्या पाकिटावरच्या ‘प्रतिकारक’ शब्दावर मार्च-एप्रिलात किती विसंबायचं ते यावरून ओळखा.

जागेची निवड असेल तर भातकापणीनंतरचं खाचर घ्या. पावसाळाभर पाणी साचलेल्या जमिनीत हे कृमी बरेच घटतात. वाफे मात्र उंच करा, स्ट्रॉबेरीची मुळं ओलीत कुजतात.