चुकलेल्या दिवसाची तयारी आधी करा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टनी मला एक साधा व्यायाम दिला होता. पाठीवर झोपायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सगळं मिळून पाच-सहा मिनिटांचं काम. तरीही पहिल्या तीन आठवड्यांत माझे निम्म्याहून जास्त दिवस बुडाले. दुखायचं म्हणून नव्हे, तर आठवायचंच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवायचं आणि मग स्वतःवर चिडत झोपायचे.

त्या टॉवेलनं मला जे शिकवलं तेच पुढे चालणं, वाचन आणि रात्रीचा फोन सोडणं, या सगळ्याला लावलं. नवी सवय कशी लावायची आणि टिकवायची, ते इथे लिहिते आहे.

आधी खूण ठरवा

“रोज करीन” या वाक्यात कधी, कुठे, कशानंतर, यातलं काहीच ठरलेलं नसतं. फिजिओथेरपिस्टनी मला विचारलं, “सकाळी न चुकता काय करता?” मी म्हटलं, “दात घासते.” “मग ब्रश जागेवर ठेवला की टॉवेल उचला.” बस, एवढंच. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञांनी याच पद्धतीवर बरंच संशोधन केलं आहे: “अमुक झालं की मी तमुक करीन” असं आधीच ठरवलेल्या माणसाच्या हातून ते काम होण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा बरीच वाढते.

खूण निवडताना एक पाहा. ती वेळ नको, कृती हवी, आणि तिचा शेवट नेमका कळायला हवा. “सकाळी” ही खूण नव्हे. सकाळ तीन तास चालते. “ब्रश स्टँडमध्ये ठेवला” ही खूण. दुपारची पाळी मी ऑफिसात खुर्चीवर बसूनच करायचे, पाय सरळ ताणून. डबा बंद केला की लगेच. संध्याकाळची मात्र मी आधी “ऑफिसातून आल्यावर” अशी ठरवली होती आणि ती प्रत्येक सुट्टीला बुडायची, कारण सुट्टीला ऑफिसच नसतं. मग ती संध्याकाळी घरातला पहिला दिवा लावण्याला जोडली. दिवा सुट्टीलाही लागतो.

खुणेच्या शेजारी वस्तू हवी. माझा टॉवेल कपाटात असायचा. काढा, उलगडा, घट्ट गुंडाळा, यात अर्धं मिनिट जायचं. अर्ध्या मिनिटात मन दुसरीकडे वळायला पुष्कळ वेळ मिळतो. मग मी एक जुना टॉवेल कायमचा गुंडाळून दोन्ही टोकांना रबर लावले आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला. ब्रश ठेवताना हात त्यालाच लागायचा. त्या आठवड्यात सकाळचा एकही दिवस गेला नाही.

वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दर तासाला, आपण आत्ता काय करतो आहोत, हे लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्यातल्या सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोजच्या आणि बहुधा ठरावीक जागी होणाऱ्या निघाल्या. मला यातून फार धीर आला. माझा टॉवेल राहायचा तो माझ्या स्वभावामुळे नाही, तो कपाटात असल्यामुळे.

कामाचं माप

लहान ठेवा. वाचायचं तर दोन पानं, चालायचं तर बूट घालून फाटकापर्यंत. जास्त झालं तर आनंदच आहे, पण ठरलेलं माप वाढवू नका. पहिल्या उत्साहात माप वाढवलं की नव्याचे नऊ दिवस संपल्यावर तेच माप डोंगराएवढं दिसायला लागतं.

दिवस मोजताना

एकवीस दिवसांत सवय लागते असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती समजूत बरीचशी मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून पसरली. त्यांचं निरीक्षण होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पसरताना “किमान” गळून पडलं आणि चेहराही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगून १२ आठवडे पाहिलं. २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे दिवस गणितानं काढलेला अंदाज). त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: अधूनमधून एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

चुकलेला दिवस

सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं, म्हणून यावर वेळ घालवा.

दिवस चुकला की मी स्वतःला म्हणायचे, “मी मुळात आरंभशूरच.” या एका शब्दानं एका दिवसाचा निकाल आख्ख्या माणसावर लागतो. तो निकाल लागला की दुसऱ्या दिवशी टॉवेल उचलायला कारणच उरत नाही. सकारात्मक दृष्टी म्हणजे आरशापुढे उभं राहून “मी यशस्वी आहे” म्हणणं, असं मला वाटत नाही. चुकल्याच्या दुसऱ्या सकाळी आपण स्वतःशी काय बोलतो, त्यात ती असते. म्हणून ते वाक्य आधीच लिहून ठेवा. माझ्या कार्डावर होतं: “काल राहिलं. मध्ये काय आलं? आज ब्रशनंतर.”

“मध्ये काय आलं” याचं उत्तर एका ओळीत वहीत लिहा, पण स्वभावाचं नाव लिहू नका. “आळस” लिहिलंत तर त्यावर उपाय सुचणार नाही. “घरात पाहुणे, झोपायला जागा नव्हती” लिहिलंत तर उपाय समोरच असतो: त्या दिवशी खुर्चीवर बसून करायचं. महिनाभरानं माझी वही चाळली तेव्हा माझे बहुतेक दिवस दोनच कारणांनी गेलेले दिसले, प्रवास आणि उशिरा झोप. तोवर मी उगाच स्वतःला दूषणं देत होते.

राहिलेलं दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. मी एकदा दोन दिवसांचा व्यायाम एकाच दिवशी केला. गुडघा सुजला आणि पुढचे चार दिवस गेले.

वाईट दिवसांसाठी सवयीचं सगळ्यात छोटं रूप ठरवून ठेवा. पुढे आई अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तोवर चालणं सुरू झालं होतं, ते पूर्ण थांबलं. वाचनही थांबलं. पण बाहेरच्या बाकावर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचा, एवढं मी रोज एकदा केलं. स्नायूला त्याचा किती उपयोग झाला असेल सांगता येत नाही, पण घरी परतल्यावर टॉवेल परका वाटला नाही. चालणं मात्र पुन्हा फाटकापासून सुरू करावं लागलं. मी तसंच केलं, जुन्या अंतराचा हट्ट धरला नाही.

स्वप्न आणि अडथळा

पुढे काय मिळेल याची कल्पना करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात नुसत्या गोड कल्पनेत रमणाऱ्यांचे प्रयत्न उलट कमी झालेले दिसले. त्या सांगतात की हवं असलेलं चित्र मनात आणा, लगेच त्याच्या आड काय येतं ते पाहा आणि त्या अडथळ्यासाठी “असं झालं तर मी हे करीन” ठरवा. रात्रीचा फोन मी याच मार्गानं सोडला. अडथळा होता उशाशी असलेला चार्जर. तो दुसऱ्या खोलीत गेला आणि उशाशी पुस्तक आलं.

एका माणसाला सांगून ठेवा. “आज केलंस का?” असं विचारणारा नको, “आज मध्ये काय आलं?” असं विचारणारा निवडा. माझ्यासाठी ती माझी धाकटी बहीण होती. तिच्याशी खोटं बोलायची मला कधी गरज पडली नाही.

दुसरी सवय कधी सुरू करायची? पहिली आठवावी लागेनाशी झाली की. माझ्या बाबतीत तिसऱ्या महिन्यात एका सकाळी, मी आडवी होऊन सातव्यांदा टॉवेल दाबत असताना लक्षात आलं की टॉवेल कधी उचलला तेच मला आठवत नाही. त्या दिवशी टॉवेलचे सैल झालेले रबर बदलले आणि चालायचे बूट दाराशी आणून ठेवले.