आर्काइव्ह लॉग हाताने पुसू नका : ओरॅकलच्या बॅकअपमधील या चुका टाळा

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की लातूरच्या बाजारपेठेत आडतीच्या नोंदी एकाएकी वाढतात आणि त्यांच्याबरोबर डेटाबेसचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे त्यातील प्रत्येक बदलाची नोंद जपून ठेवणाऱ्या फाइल्सही वाढतात. अशाच एका हंगामात, मी ज्या आडत दुकानाचा ओरॅकल डेटाबेस सांभाळत होतो तेथे मंगळवारी भर सौद्याच्या वेळी हिशोबपट्ट्या निघणे थांबले आणि पडद्यावर ओआरए-००२५७ ही त्रुटी दिसू लागली. लॉग साठवायला जागा उरली नाही, एवढाच तिचा अर्थ. पण जुना रिडो लॉग (बदल प्रथम ज्या फाइलमध्ये लिहिले जातात ती) आर्काइव्ह झाल्याशिवाय, म्हणजे त्याची प्रत जपून ठेवल्याशिवाय, ओरॅकल त्यावर पुन्हा लिहीत नसल्यामुळे सगळे व्यवहार अडून राहतात.

तेथील ऑपरेटरने घाईघाईने फोल्डरमधील जुन्या लॉग फाइल्स पुसून टाकल्या. तरीही काम सुरू झाले नाही, कारण फास्ट रिकव्हरी एरियात (लॉग आणि बॅकअप साठवण्याच्या राखीव जागेत) किती जागा व्यापली आहे याचा हिशोब ओरॅकल कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, ठेवतो आणि बाहेरून पुसलेली फाइल त्या हिशोबातून वजा होत नाही. मी आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनातून क्रॉसचेक (नोंदीतल्या फाइल्स खरोखर जागेवर आहेत का, हे पाहणारी आज्ञा) आणि त्यानंतर डिलीट एक्स्पायर्ड (न सापडलेल्या फाइल्सच्या नोंदी काढणारी आज्ञा) चालवले, तेव्हा पट्ट्या निघू लागल्या आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. खरी चूक तेथेच झाली.

शुक्रवारी डिस्क निकामी झाली. रविवारचा पूर्ण बॅकअप रिस्टोअर केला, त्यावर लॉगमधील बदल क्रमाने चढवण्याची रिकव्हरी ४१८१ क्रमांकाच्या लॉगपर्यंत नीट चालली आणि ४१८२ क्रमांकाचा लॉग मागत थांबली. तो मंगळवारी पुसलेल्यांपैकी होता आणि त्याचा बॅकअप कोठेच नव्हता. पुढचे सगळे लॉग दुसऱ्या डिस्कवर शाबूत असूनही मधला एक दुवा तुटल्याने निरुपयोगी ठरले आणि तीन दिवसांच्या नोंदी कागदी पट्ट्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. मंगळवारीच नवा पूर्ण बॅकअप घेतला असता, तर त्या हरवलेल्या लॉगची गरजच पडली नसती.

जागा भरल्यावर, डिस्कवर मोकळी जागा असल्यास, प्रथम रिकव्हरी एरियाची मर्यादा वाढवावी. मग आरमॅनमधूनच लॉगचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन, बॅकअप झालेलेच लॉग पुसावेत. क्रॉसचेकपूर्वी बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली आहे ना, हे पाहावे. नाहीतर चांगले बॅकअपही एक्स्पायर्ड ठरतात. कंट्रोल फाइलचा ऑटोबॅकअप चालू ठेवावा.

आणखी एक गैरसमज फार आढळतो. रिस्टोअर डेटाबेस व्हॅलिडेट ही बॅकअप तपासण्याची आज्ञा यशस्वी झाली म्हणजे रिकव्हरीची खात्री झाली असे अनेकांना वाटते, परंतु ही आज्ञा आर्काइव्ह लॉगचे बॅकअप तपासत नाही. त्यांच्यासाठी रिस्टोअर आर्काइव्हलॉग व्हॅलिडेट स्वतंत्रपणे चालवावे लागते. त्याहीपुढे, हंगाम सुरू होण्याआधी एकदा तरी दुसऱ्या संगणकावर संपूर्ण डेटाबेस उभा करून शेवटच्या दिवसाची पट्टी उघडून पाहावी, आणि त्याला किती तास लागले ते लिहून ठेवावे, कारण दुकान बंद असताना मालक पहिला प्रश्न तोच विचारतात.