‘तिलावा’च्या प्रवाशांची आठवण कशी करावी

२० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा-डर्बनकडे निघालेलं ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने बुडवलं. ९५८ पैकी २८० माणसं गेली. म्हणून आठवण २३ लाच ठेवायची, सोयीचा रविवार बघून नव्हे.

सुरुवात नावांपासून. एकाच आडनावाची माणसं यादीत सलग दिसली तर घाईने पुढे सरकू नका, ते बहुधा अख्खं कुटुंब असतं. इंग्रजीत लिहिलेली गुजराती नावं आधी जाणकाराकडून नीट म्हणून घ्या. मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं वाचलं की मला फार लागतं. प्रवाशांनंतर खलाशी वाचा, त्यांना लोक हमखास गाळतात.

चांदीच्या विटांचा विषय निघेलच. जहाजावर २,३६४ होत्या, २०१७ मध्ये वर काढल्या, एवढं सांगून थांबवा, नाहीतर संध्याकाळ त्यांच्या मालकीच्या कोर्टकचेरीतच जाते.

वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ युद्धनौकेने २७ ला मुंबईत आणलं. त्यांच्या घरचं कुणी आलं असेल तर बोलू द्या, मध्ये घड्याळ दाखवू नका. हार समुद्रात टाकायचाच असेल तर दोरा काढून, फक्त फुलं.