आधी काटा, मग बोली: जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात या चुका टाळा

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात तक्रार झाली की दोन्हीकडचे संवाद ठरलेले. घेणारा म्हणतो, फसवलं. विकणारा म्हणतो, फोटो टाकला होता, बघून घ्यायचं होतं. फोटो उघडावा तर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका नाण्यावर, खाली फुलाफुलांची चादर आणि वर्णनात एकच ओळ: 'जुना चांदीचा रुपया, एकदम रेअर, नो रिटर्न.' वजन नाही, कडेचा फोटो नाही. भांडण तिथेच सुरू झालेलं असतं, पार्सल नंतर पोचतं.

वजन न लिहिणं, न विचारणं

ही चूक विकणाऱ्याची तशी घेणाऱ्याचीही. राणीछाप रुपयापासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजलेला असेल तर ११.३ ते ११.५ भरतो. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, पण वजन तेच राहिलं. म्हणून नुसतं वजन पुरत नाही. पाण्यातली चाचणी करावी लागते आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. अशा छोट्या काट्यांची मर्यादा बहुधा २०० ग्रॅमच्या आसपास असते, काचेच्या पेल्यातच ती संपते. प्लास्टिकचा लहान कप घ्या, अर्धा पाण्यानं भरा, काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडा. पूर्ण बुडलं पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्यानं सरकवलेल्या पाण्याचा. कोरड्या नाण्याचं वजन त्यानं भागा.

११.६६ ग्रॅमच्या अस्सल जुन्या रुपयाला पाण्यातला आकडा १.१३ च्या आसपास येतो, म्हणजे घनता १०.३. १९४० नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाला तोच आकडा १.२२ येतो. १.३५ च्या पुढे गेला तर हातात पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) आहे आणि वर चांदीचा मुलामा. आकडा विचित्र आला तर लगेच बोंब मारू नका. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असले की आकडा फुगतो. नाणं हलवून ते काढा, पुन्हा मोजा. तीनदा मोजावं, एकदा मोजून निकाल देऊ नये.

ही चाचणी धातू सांगते, खरेपणा सांगत नाही. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे त्याच्या नकला भरपूर, आणि चांदीत केलेली नक्कल पाण्यात पास होते. तिथे दहापट भिंग लागतं: सालाच्या शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल झाल्यात का, पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत का, कडेच्या दातऱ्यांमधून साच्याच्या जोडाची रेघ जाते का. म्हणून विकताना पाच फोटो टाका: पुढची बाजू, मागची बाजू, कड, काट्यावरचं नाणं आणि सालाचा आकडा जवळून. दिवसा, खिडकीजवळ, करड्या कागदावर. ज्याला एवढा वेळ नाही त्यानं नाणं सराफाला मोडीत द्यावं, लिलावाच्या वाटेला जाऊ नये.

'दोन बोल्या मित्राकडून मारून घेतल्या, त्यात काय!'

त्यात फसवणूक आहे. आपल्याच वस्तूवर दुसऱ्या नावानं बोली लावून भाव चढवणं म्हणजे शिल बिडिंग. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ते इतकं सर्रास चालतं की करणाऱ्याला लाजही वाटत नाही. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, कुणाचं दुसरं सिमकार्ड.

यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण मे २००० मधलं, ईबे या लिलावाच्या साइटवरचं. कॅलिफोर्नियातल्या एका वकिलानं एक अमूर्त चित्र लिलावात टाकलं. बोली २५ सेंटपासून. कलावंताचं नाव त्यानं कुठेही लिहिलं नाही. घर आवरताना निघालेलं जुनं चित्र, पोराच्या तीनचाकी सायकलीनं त्याला भोक पाडलेलं, असा साळसूद मजकूर. फोटोत मात्र 'आरडी ५२' ही सही दिसत होती. जाणकारांना वाटलं, या बावळटाच्या हाती रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकी चित्रकाराचं चित्र लागलंय आणि त्याला पत्ताच नाही. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. मग उघड झालं की विक्रेत्यानं स्वतःच दुसऱ्या नावानं बोली लावली होती. ईबेनं सौदा रद्द केला. एफबीआयच्या तपासात खोट्या खात्यांवरून एकमेकांचे लिलाव चढवणारी टोळी निघाली. वकिलानं गुन्हा कबूल केला आणि वकिलीची सनदही गेली.

या गोष्टीतला भोळा मजकूर नीट लक्षात ठेवा. 'आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही' हे त्याचंच मराठी भाषांतर आहे.

शिल ओळखायचा कसा? बोलींचा इतिहास उघडा. ईबेवर नावं झाकलेली असतात, पण एखाद्या बोलीदाराच्या गेल्या ३० दिवसांतल्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत ते दिसतं. तो आकडा ९०-१०० असेल, खातं कोरं असेल आणि लिलाव सुरू असताना भाव बारीक पायऱ्यांनी वर ढकलून तो शेवटी गायब होत असेल, तर बाहेर पडा. दुसरी खूण म्हणजे मागे घेतलेली बोली. मोठी बोली टाकून तुमची कमाल रक्कम उघडी करायची, मग 'आकडा चुकला' म्हणून ती मागे घ्यायची आणि तुमच्या कमाल रकमेच्या जेमतेम खाली नवी टाकायची. आकडा खरंच चुकू शकतो, पण एकाच विक्रेत्याच्या लिलावात दर आठवड्याला चुकत नाही.

विक्रेत्याला भावाची भीती असेल तर सुरुवातीची किंमतच नीट ठेवावी. १ रुपयापासून बोली लावून गर्दी जमवायची आणि मग भाच्याला उठवायचं, ही हौस कशाला?

चांदण्या बघून भुलणं

शंभर टक्के फिडबॅक कशावर मिळालाय ते बघा. पन्नास रुपयांची स्टिकरं विकून तो गोळा होतो आणि मग एकदम चाळीस हजारांचं नाणं येतं. विक्रेत्यांनी घेणाऱ्याच्या स्वच्छ फिडबॅकवरही विसंबू नये. ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा लिहिताच येत नाही.

शेवटच्या मिनिटाचा ताप

ईबेवर तुम्ही कमाल रक्कम सांगायची, यंत्रणा गरजेपुरतीच चढवते. तुमची कमाल १२० डॉलर, दुसऱ्याची ८४, तर तुम्हाला नाणं ८५ ला पडतं. म्हणून आकडा आधी कागदावर लिहा, एकदाच टाका, फोन खाली ठेवा. 'आणखी फक्त दोनशे' करत बसणारे नवशिकेच शिल करणाऱ्यांचं पोट भरतात. लिलावगृहाकडून घेत असाल तर हातोड्याच्या भावावर बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून लिलावगृह घेतं ते कमिशन) आणि कर येतो, तो धरून कागदावरचा आकडा ठरवा.

राम दरबार, १८१८

एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला 'यूकेएल वन आना १८१८'. असं नाणं ईस्ट इंडिया कंपनीनं कधीच पाडलं नाही. मद्रासच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर देव होते हे खरं, पण त्याचा या पितळी चकतीशी संबंध नाही. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखात जात नाही. ते चलनातलं नाणं आहे, पाचच रुपयांचं. त्यासाठी 'रिझर्व्ह बँक लाखो देते, आधी कमिशन भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. २०२१ मध्ये बँकेनं स्वतः सांगितलंय की ती असा व्यवहार करत नाही आणि कमिशनही मागत नाही.

पैसे

यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात दिसल्यावर पार्सल बांधा. 'साइटच्या बाहेर करू, फी वाचेल' म्हणणाऱ्याबरोबर साइटचं संरक्षणही बाहेर जातं. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नाणं घासणं

चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही नको. चकाकी येते आणि भाव जातो.

पार्सल

नाणं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कालांतरानं हिरवट चिकट थर बसतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट चिकटवा, खुळखुळता कामा नये. अनेक कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत. 'बटणं' लिहून पाठवलं तर विमा गेला म्हणून समजा. घेणाऱ्यानं कात्री लावण्याआधी व्हिडिओ सुरू करावा: पत्ता, सील, उघडणं आणि काट्यावरचा आकडा, सगळं एका सलग चित्रणात.

अमेरिकेतला गिऱ्हाईक

न्यू जर्सीहून कुणी राणीछापला दुप्पट भाव देतोय म्हणून पाकीट पोस्टात टाकू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जॉर्ज पंचमाचे १९११ ते १९२२ चे रुपयेही आता सगळे त्या रेषेपलीकडे गेलेत. वर्णनात 'फक्त भारतात पाठवू' एवढं लिहून टाका.