घराचा विमा: हप्त्यांची तुलना करताना या चुका टाळा

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा माझ्या मावशीच्या घरात ते कित्येक दिवस साचून होते. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडले, तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज तरंगत येऊन बैठकीच्या खोलीत आडवा पडला होता आणि विजेच्या बटणांच्या वर वीतभर उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. मावशीने मात्र धीर सोडला नव्हता, कारण गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा काढून दिला आहे, असे ती सहा वर्षे मानत आली होती. माळ्यावर होती म्हणून वाचलेल्या प्लॅस्टिकच्या फाइलमधून ते विमापत्र काढून मी वाचले. त्यात घराचा पत्तासुद्धा नव्हता. तो विमा काकांच्या आयुष्याचा होता. त्यांचे काही बरेवाईट झाले तर उरलेले कर्ज फिटावे, एवढीच त्याची व्याप्ती होती. विटा, फरशा, दारे, फ्रिज आणि कपाटे यांतले काहीही त्यात बसत नव्हते.

तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांसाठी मी गृहविम्याची दरपत्रके शेजारी ठेवून वाचली आहेत. बहुतेक चुकांचे मूळ एकच असल्याचे त्यातून दिसले. आपण हप्ता आधी विचारतो आणि कशाचा विमा, किती रकमेचा, हे नंतर पाहतो, किंवा पाहतच नाही. हा क्रम उलटा केल्याशिवाय कोणतीही तुलना खरी ठरत नाही.

कर्जाचा विमा म्हणजे घराचा विमा नव्हे

गृहकर्जासोबत दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे कर्जदाराचा आयुर्विमा आणि दुसरी म्हणजे मालमत्तेचा विमा. दोन्ही कागद एकाच दिवशी, सह्यांच्या एकाच गठ्ठ्यात येतात आणि पुष्कळदा हप्ताही कर्जातच मिळवला जातो, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडचा कागद कोणता, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. विमापत्रात घराचा पूर्ण पत्ता, बांधकामाची विमा रक्कम आणि आग, पूर, भूकंप अशा संकटांची यादी असेल, तरच तो घराचा विमा आहे. तारण ठेवलेल्या घराचा विमा काढा, असे बँक सांगू शकते. परंतु तो अमुक एका कंपनीकडूनच काढा, अशी सक्ती ती करू शकत नाही. बँकेने सुचवलेले दरपत्रक हे अनेकांपैकी एक समजावे आणि इतर दोन-तीन कंपन्यांकडूनही दर मागवावेत.

बाजारभावावर विमा रक्कम ठरवणे

ही सर्वांत महाग चूक आहे आणि ती दोन्ही बाजूंनी होते. पुण्यात 90 लाखांना घेतलेल्या फ्लॅटचा विमाही 90 लाखांचाच हवा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा, परिसराचा आणि मागणीचा मोठा वाटा असतो, आणि जमिनीच्या किमतीचा विमा उतरवता येत नाही. विमा कंपनी पैसे देते ते पडलेले पुन्हा बांधण्यासाठी. म्हणून विमा रकमेचा आधार बांधकामाचा खर्च हाच असतो. उलट, काही जण हप्ता कमी यावा म्हणून अंदाजे दहा लाखांचा आकडा टाकतात आणि घर पूर्ण कोसळले तर त्या दहा लाखांतच पुन्हा उभारण्याची वेळ येते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू केले, आणि आगीचा विमा विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ते देणे बंधनकारक केले. त्यातला हिशेब कोणालाही घरी बसून करता येतो: घराचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ) गुणिले विमा सुरू होतानाचा बांधकामाचा प्रचलित दर. समजा, कार्पेट एरिया 800 चौरस फूट आहे आणि आपल्या गावात तशा बांधकामाला चौरस फुटाला 2,200 रुपये लागतात, तर इमारतीची विमा रक्कम 17 लाख 60 हजार रुपये होते. येथे बिल्डरच्या माहितीपत्रकातला सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिने-लिफ्टसारख्या सामायिक जागांचा वाटा धरलेला, आकडा घेऊ नये. कार्पेट एरिया करारनाम्यात लिहिलेला असतो. बांधकामाचा दर ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याला किंवा ठेकेदाराला विचारावा. जिल्ह्याजिल्ह्यात आणि बांधकामाच्या प्रतीप्रमाणे तो बराच बदलतो.

घरातल्या सामानासाठी या विमापत्रात इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के इतके संरक्षण आपोआप मिळते, त्याची कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे, आणि त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. वरच्या उदाहरणात हे 3 लाख 52 हजार रुपये होतात. एकदा वही घेऊन घरभर फिरावे आणि फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही, पलंग, कपाटे, कपडे, भांडी, मुलांचा लॅपटॉप असे सारे मांडावे. आज नवे घ्यायचे झाल्यास सात लाख लागतील, असे दिसले तर जास्तीची रक्कम तपशिलासह वेगळी नोंदवावी लागते. हे न करणारे लोक मला सर्वांत जास्त भेटले.

वेगवेगळ्या रकमांचे हप्ते शेजारी ठेवणे

दर तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवर विमा रकमेच्या रकान्यात बहुधा एखादा आकडा आधीच भरलेला असतो. तो न बदलता पुढे गेल्यास पडद्यावर दिसणारे हप्ते भलत्याच घराचे असतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कंपनीने 17 लाख 60 हजारांसाठी 1,100 रुपये सांगितले आणि दुसरीने 12 लाखांसाठी 850 रुपये. दुसरा हप्ता अडीचशे रुपयांनी स्वस्त दिसतो. पण प्रत्येक हजार रुपयांच्या संरक्षणामागे पहिली कंपनी साडेबासष्ट पैसे घेते आणि दुसरी सुमारे एकाहत्तर पैसे. म्हणजे कमी हप्त्याची पॉलिसीच प्रत्यक्षात महाग आहे. हा दर हजारी हिशेब केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. तसेच दोन्ही आकडे जीएसटी धरून आहेत की त्याशिवाय, हेही पाहावे, कारण गृहविम्याच्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि एका दरपत्रकात तो धरलेला व दुसऱ्यात वगळलेला असेल, तर सारी तुलनाच फसते.

एक गोष्ट ग्राहकाच्या सोयीची आहे. ‘भारत गृह रक्षा’चा मूळ मजकूर सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. त्यामुळे त्याच नावाच्या दोन विमापत्रांत विमा रक्कम समान ठेवली, की उरलेला फरक सवलतीचा, जोडसंरक्षणांचा (जादा हप्ता भरून घ्यायच्या संरक्षणांचा) आणि कंपनीच्या सेवेचा असतो. परंतु कंपन्या याशिवाय स्वतःच्या नावांची पॅकेजेसही विकतात. त्यांची तुलना करताना दोन मुद्दे आवर्जून विचारावेत. सामानाची भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळणार की घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करून, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा कमी रकमेचा विमा उतरवल्यास दावा त्या प्रमाणात कापला जाणार का, हा होय. अशी कपात असेल आणि 20 लाखांच्या घराचा विमा 10 लाखांचाच असेल, तर 2 लाखांच्या नुकसानीवर हातात 1 लाखच पडतात. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात माफ आहे, आणि माझ्या मते त्याची ही सर्वांत मोलाची तरतूद आहे.

मुदतीचाही विचार करावा. हे विमापत्र दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि दीर्घ मुदतीच्या विम्यात विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी, जास्तीत जास्त मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, जादा हप्त्याशिवाय वाढत जाते. सिमेंट, वाळू आणि मजुरी ज्या वेगाने वाढतात ते पाहता, एकेक वर्षाच्या स्वस्त हप्त्यांची बेरीज आणि दीर्घ मुदतीचा एकरकमी हप्ता यांची तुलना करताना ही वाढ हिशेबात धरलीच पाहिजे.

काय मिळत नाही, ते न वाचणे

आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे ही संकटे मूळ विम्यात येतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची छपरे उडवली, जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. अशा संकटांतली घराची आणि सामानाची हानी विम्यातून भरून मिळू शकते. पायाखालची जमीनच गेली, तर तिची किंमत मात्र मिळत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज चोरीविषयी आहे. मूळ विम्यात घरफोडी नसते. आग किंवा पूर यासारखे विम्यातले संकट आल्यानंतर, त्याच कारणाने सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरली जाते. पुरात घर सोडून जावे लागलेल्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे, पण सुट्टीत कुलूप तोडून नेलेल्या सामानासाठी घरफोडीचे जोडसंरक्षण वेगळे घ्यावे लागते. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रे यांसाठी मान्य मूल्याचे, म्हणजे कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचे, वेगळे संरक्षण आहे; रोख रक्कम मूळ विम्यात येत नाही. विजेचा दाब वाढून टीव्ही जळाला तर त्या टीव्हीचे पैसे मिळत नाहीत, मात्र त्यातून आग पसरून पडदे आणि भिंती जळाल्या तर त्या नुकसानीचे मिळतात.

पावसाळ्यात छतातून झिरपणारी ओल आणि भिंतीवरची बुरशी यांचे दावे दरवर्षी फेटाळले जातात आणि लोक कंपनीवर चिडतात. फुटलेला नळ ही अचानक घडलेली घटना आहे, वर्षानुवर्षे मुरणारे पाणी हा देखभालीचा प्रश्न आहे, आणि विमा पहिल्याच प्रकारासाठी आहे. नव्या बांधकामाच्या साध्या भेगा आणि सदोष बांधकाम यांचेही तसेच आहे.

सोसायटीचा विमा आहे, मग आपल्याला कशाला?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरवणे अपेक्षित आहे. आपल्या संस्थेने तो खरोखर काढला आहे का, मुदत संपलेली नाही ना आणि रक्कम किती आहे, हे सचिवांकडून लेखी घ्यावे. त्या विम्यात फ्लॅटमधले आपले सामान बहुधा नसते, आणि आपण नंतर करून घेतलेले ओटे, कपाटे व छताची सजावटही सुटू शकते. सोसायटीचा विमा पुरेसा असेल, तर स्वतःसाठी केवळ सामानाचा विमा घेता येतो आणि हप्ता खूप उतरतो. एकाच भिंतीची भरपाई दोनदा मिळत नाही, म्हणून दोन्ही विमापत्रे एकदा समोरासमोर ठेवून वाचावीत.

चूक आधीच झाली असल्यास

विमापत्र हाती आल्यावर पहिल्याच दिवशी पत्ता, सिटी सर्व्हे क्रमांक, कार्पेट एरिया, बांधकामाचे वर्ष आणि मालकांची नावे तपासावीत. चूक आढळल्यास कंपनीला लेखी कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली अधिकृत दुरुस्ती, करून घ्यावी. एजंटाला फोनवर सांगणे पुरेसे नाही. विमा रक्कम कमी पडत असेल, तर ती मुदतीच्या मध्यातही जादा हप्ता भरून वाढवता येते. घर भाड्याने दिले, एखाद्या खोलीत दवाखाना किंवा शिकवणी सुरू केली, अथवा कार्पेट एरिया दहा टक्क्यांहून अधिक वाढेल असे बांधकाम केले, तर तेही कळवावे. चुकीचेच विमापत्र गळ्यात पडले असेल, तर ते रद्द करून उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हप्ता परत मागता येतो, मात्र नवे विमापत्र हातात येण्याआधी जुने रद्द करू नये.

नुकसान झाल्यावर घर लगेच धुऊन काढण्याची घाई होते, आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही आधी प्रत्येक खोलीचे आणि पाण्याच्या रेघेचे फोटो काढावेत, वस्तूंवरचे मॉडेल क्रमांक टिपावेत आणि कंपनीला त्याच दिवशी कळवावे. नियमांनुसार सूचना मिळाल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, नेमणे, 15 दिवसांत त्याचा अहवाल येणे आणि अहवालानंतर 7 दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. दावा नाकारला किंवा कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे ऐकल्या जातात आणि त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही.

मावशीने आता ‘भारत गृह रक्षा’ घेतले आहे. विमापत्र आले, तेव्हा त्यात सिटी सर्व्हे क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. तिने स्वतः पत्र लिहून तो दुरुस्त करून घेतला, आणि दुरुस्तीचा कागद विमापत्राला टाचून त्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, माळ्यावर ठेवला.